घाटावर चित्र काढायला बसण्याआधी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फुलदाण्या पुरे झाल्या, आता वाईच्या ढोल्या गणपतीच्या घाटावर बसून जलरंगात रंगवायचं म्हणताय. बसा. पण फोनवर तुम्ही रंगांबद्दलच विचारत होतात आणि बाहेरचं चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा रंगामुळे नाही, उन्हामुळे. म्हणून नीट लिहून पाठवते. आई, तूही वाच. तुझ्या डोळ्यांबद्दल खाली लिहिलंय.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तास बसलात की तो ३० अंश पुढे गेलेला असतो आणि सगळ्या सावल्या बदललेल्या असतात. आठ वाजता सावलीत असलेली भिंत दहाला उन्हात येते. नवशिका दोन्ही रंगवतो आणि मग चित्रात दोन सूर्य दिसतात. यावर उपाय एकच. पेन्सिलीचं रेखाटन झालं की सावल्यांच्या कडा आखून टाकायच्या आणि कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहायची. त्यानंतर समोर ऊन कुठेही गेलं तरी ती कड हलवायची नाही. चित्र अर्धवट राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जायचं. चार-पाच दिवसांत ऊन फारसं बदलत नाही.

महिना निवडणंही तितकंच महत्त्वाचं. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावली वस्तूच्या उंचीच्या जवळपास नऊ दशांश पडते, त्यामुळे दिवसभर काम करता येतं. मे महिन्याच्या मध्यावर मात्र शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमाराला दुपारी बारा-साडेबाराला घाट सपाट दिसतो. तेव्हा सकाळी साडेसहाला बसायचं नाहीतर सरळ घरी बसायचं.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), सुती, मध्यम खरखरीत. पूर्ण शीट २२ × ३० इंचांचं असतं. त्याचे चार भाग करा. ११ × १५ चा पाव भाग दीड तासात होतो, अर्धं शीट होत नाही. प्लायच्या फळीवर चारही बाजूंनी मास्किंग टेप लावा. पुण्यातल्या हातकागद संस्थेचा कागद मला आवडतो, पण कागद कुठलाही असो, पावसाळ्यात तो दमटला की त्याचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारी खळ, मरतं. मग रंग टिपकागदावर पडल्यासारखा आत शिरतो आणि कितीही केलं तरी मळकट दिसतो. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब वर तसाच राहिला तर कागद चांगला, लगेच गडद डाग पडून आत गेला तर तो सरावाला ठेवा. उरलेली शीटं प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आडवी ठेवा.

रंग सात पुरेत: कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, यलो ऑकर, गॅम्बोज (पिवळा), लाइट रेड, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अ‍ॅलिझरिन क्रिमझन. ट्यूबमधला काळा आणि सॅप ग्रीन घरी ठेवा. घाटाचा बेसॉल्ट काळा वाटतो, पण कोरडा असताना तो करडा असतो आणि पाण्यालगतचा भिजलेला भागच काय तो गडद. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून दोन्ही निघतात. उन्हातल्या दगडाला सिएना जास्त, सावलीतल्याला निळा जास्त. हिरव्यासाठी गॅम्बोज आणि अल्ट्रामरीन, त्यात कणभर सिएना. आंब्याला निळा वाढवा, उसाला पिवळा, बाभळीला सिएना. लांबच्या डोंगरांना कोबाल्टमध्ये किंचित लाइट रेड घातला की सकाळचं धुरकट जांभळं येतं. ब्रश तीन न्या: १२ आणि ८ नंबरचे गोल, आणि फांद्या-दोऱ्यांसाठी एक बारीक रिगर.

पाण्याचं प्रमाण शब्दात सांगणं अवघड, पण तुम्हाला स्वयंपाकघरातलं माप कळेल. आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, ताकाच्या निवळीइतका पातळ, मधल्या छटा दुधाइतक्या, शेवटचे गडद ठिपके सायीइतके घट्ट. ओल्या वॉशवर काही टाकायचं असेल तर ब्रशमधला रंग कागदावरच्या रंगापेक्षा घट्ट हवा. उलट झालं, म्हणजे अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पाणीदार ब्रश टेकला, की पाणी पसरत जाऊन रंगाला कडेला ढकलतं आणि दातेरी डाग उठतो. तो पुसून जात नाही. कागदाची चमक गेली की हात आवरायचा. तळहाताची मागची बाजू कागदाजवळ धरा. गार लागलं तर कागद अजून ओला आहे.

आता बसायची जागा. गुडघ्यांचा विचार करून पाठ असलेलं, साधारण ४५ सेंमी उंचीचं घडीचं स्टूल घ्या. शेवाळलेल्या खालच्या पायऱ्यांवर अजिबात जायचं नाही, आणि धोम धरणाचं पाणी सोडलंय का हे आधी विचारून घ्यायचं. भिंतीला पाठ लावून बसलात तर मागे गर्दी जमत नाही. कागद सावलीत हवा. उन्हात तो इतका उजळतो की माणूस सगळं प्रमाणाबाहेर गडद रंगवतो आणि घरी आल्यावर चित्र मेल्यासारखं दिसतं. छत्री काळीच न्या. रंगीत छत्रीखाली अख्खा कागद तिच्या रंगाचा होतो, मग मिश्रणाचा अंदाज चुकतो.

आई, तुझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. मोतीबिंदूचं भिंग पिवळट असतं आणि ते निळा प्रकाश अडवतं, त्यामुळे तुला आकाश एका डोळ्याने निळं आणि दुसऱ्याने मळकट दिसत असणार. रंग मिसळताना ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर विश्वास ठेव. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचंही १९२३ साली असंच एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा तू चांगल्या संगतीत आहेस. रंगीत काचांचा गॉगल दोघांनीही लावायचा नाही, रुंद काठाची टोपी घाला.

रेखाटनाआधी जुन्या पुठ्ठ्यात ४.४ × ६ सेंमीची खिडकी कापा. ती पाव शीटच्याच प्रमाणात आहे. तिच्यातून बघून काय घ्यायचं ते ठरवा आणि मुख्य म्हणजे काय सोडायचं ते. मग वहीत काडेपेटीएवढं चित्र, फक्त तीन छटांत: पांढरी, मधली, गडद. पाच मिनिटांचं काम आहे, पण हे टाळणाऱ्याचं चित्र पुढे तासभर भटकतं. बसल्यावर तुमच्या डोळ्याची पातळी हीच क्षितिजरेषा. तिच्याखालच्या पायऱ्यांच्या रेषा लांब जाताना वर चढतात, वरच्या खाली उतरतात. एक खास गोष्ट: १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत पुराचं पाणी दुभंगावं म्हणून माशाच्या आकाराची केली आहे. तिला सरळ सपाट भिंत समजून आखलंत तर उजेडाचा हिशेब जुळणार नाही. तिच्या दोन बाजूंवर दोन वेगळ्या छटा पडतात.

प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या बरोबर खाली येतं, तिरकं जात नाही. उजळ वस्तूचं प्रतिबिंब थोडं गडद, गडद वस्तूचं थोडं उजळ. हे एवढं पाळलं तरी पाणी पाण्यासारखं दिसतं, त्यावर लाटांच्या रेघा मारत बसायची गरज नाही.

रंगवताना फळीचा वरचा भाग चार बोटं उचला. आधी आकाश आणि उजेडातले सगळे भाग एका फिक्या वॉशने, पांढरं ठेवायचं ते सोडून. हिवाळ्यात सकाळी हे वाळायला पंधरा मिनिटं लागतात, उन्हाळ्यात दोनच; म्हणून उन्हाळ्यात कागद आधी ओला करून घ्या. मग मधल्या छटा. सावल्या सगळ्यात महत्त्वाच्या, त्या भरलेल्या ब्रशने एकदाच टाकायच्या, परत त्यांवरून फिरायचं नाही. कपडे धुणारी माणसं शेवटी, डोकं आणि धड दोन ठिपक्यांत. फोटो काढून ठेवा, पण तो या माणसांपुरता वापरा. मोबाइल सावल्या काळ्याकुट्ट करतो. त्यावरून रंगवलं की सावलीतला निळा आणि दगडावरून परतलेला उजेड दोन्ही जातात.

जमलं तर एकदा कोल्हापूरला जाऊन टाऊन हॉल संग्रहालयातली तिथले जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं बघून या. त्यांच्या चित्रांतला उजेड पाहिलात की हे पत्र निम्मं कळेल.

पाणी घरून लिटरभर न्या, दोन डब्यांत: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. नदीच्या पाण्यात गाळ असतो. वापरलेलं रंगाचं पाणी नदीत ओतू नका, बाटलीत भरून घरी आणा. टेप काढायची ती चित्र पूर्ण वाळल्यावर, कागदाला जवळजवळ चिकटून, चित्राच्या बाहेरच्या दिशेने. वर उचकटलीत तर कागदाचा पापुद्रा निघतो. ट्यूबचं टोपण अडकलं तर दातांनी उघडू नका बाबा, गरम पाण्यात मिनिटभर धरा. स्टूल आणि रिगर मी कुरियरने पाठवलेत, आई घरी असेल तेव्हा येतील असं बघते.

तुमची
धाकटी