‘काका, तुमचं बरोबर आहे’ असे म्हणणाऱ्या तंत्रज्ञास

स. न. वि. वि.

आपले नाव कोठेही लिहू नये असे आपण बजावले आहे, म्हणून हे पत्र नावाविना लिहीत आहे. ज्यांना ओळखायचे ते महात्मा गांधी रस्त्यावरचे आपले गिऱ्हाईक आपल्याला ओळखतीलच.

माझ्या घरच्या संगणकाचा आवाज पूर्ण गेला नव्हता आणि सगळा घोळ त्यातूनच झाला. नव्या चित्रपटगीतांतील वाद्ये ऐकू येत, गायक मात्र विहिरीच्या तळाशी बसून गात असल्यासारखा वाटे; आणि आपल्या नाशिकात जन्मलेल्या द. वि. पलुस्करांचे गायन लावले, की हेडफोनमध्ये जवळजवळ काहीच उरत नसे. ही तक्रार ऐकून एका दुकानदाराने संगणक उचलून नेला, स्वतःच्या स्पीकरवर कुठलेसे नवे गाणे वाजवून पाहिले, विंडोज नव्याने टाकली आणि त्याचे पैसे घेतले. दुसऱ्याने साउंड कार्ड गळ्यात मारले. आणखी एका गृहस्थांनी तर संगणकाला हातही न लावता ‘काका, या वयात थोडं कमी ऐकू येणारच’ असे हसत सांगितले, आणि वाईट याचे वाटले, की घरच्यांनाही ते पटू लागले होते.

आपण मात्र फोनवरच सांगितलेत, की काहीही हलवू नका, मी घरी येतो. इंदिरानगरला आल्यावर आपण माझ्याच खुर्चीत बसलात, माझाच हेडफोन कानाला लावलात आणि मी ऐकतो तेच गायन लावायला सांगितलेत. क्षणभर ऐकून आपण म्हणालात, ‘काका, तुमचं बरोबर आहे. गाणं येतच नाहीये.’ दोष अजून सापडायचा होता, दुरुस्तीला सुरुवातही झाली नव्हती, पण माझे अर्धे काम त्या वाक्यानेच झाले.

दोष निघाला तो खुर्चीपर्यंत आणलेल्या हेडफोनच्या जोडवायरीत, जी कोणत्याही दुकानात कधी गेलीच नव्हती. डाव्या आणि उजव्या कानाची सामाईक तार आत तुटली, की दोन्ही बाजूंच्या आवाजांतला फक्त फरक ऐकू येतो, हे आपण मला कागदावर काढून दाखवलेत. चित्रपटगीतात गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तोच नाहीसा होतो. पलुस्कर १९५५ साली गेले. त्या काळची ध्वनिमुद्रणे मोनो, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, तेव्हा फरक उरणार तरी कुठून? हे समजल्यावर मला दुकानदारांच्या अज्ञानाचा नव्हे, त्यांच्या घाईचा राग आला.

आपण वायरीची किंमत तेवढी घेतलीत आणि येण्याजाण्याचे पैसे नाकारलेत, त्याबद्दलही आभार मानतो. तरीही सांगतो, की आपण पूर्ण पैसे घेतले असते तरी हे पत्र लिहिले असते. समोरचा माणूस सांगतो ते आधी खरे धरून पाहणे ही सभ्यता डॉक्टर, वकील, बँकेतला कारकून, साऱ्यांकडेच असायला हवी. वय झालेल्या माणसाच्या वाट्याला ती फार कमी येते.

आपण गेल्यावर सूनबाईंनी स्वतः हेडफोन लावून ते गायन शेवटपर्यंत ऐकले आणि माझे कान तपासण्यासाठी डॉक्टरांकडे घेतलेली वेळ रद्द केली.

आपला कृतज्ञ,
इंदिरानगर, नाशिक येथील एक ज्येष्ठ नागरिक