गाळ काढायला परवानगी, साठायला नको?

महोदय,

‘पर्यावरण परवानगीअभावी गाळ काढण्याचे काम रखडले’ ही आपल्या चिपळूणची कालच्या अंकातली बातमी वाचली. सरकारी साहेब बोलले, आपण छापलंत. ही परवानगी कोणत्या नियमाखाली लागते, एवढं तरी आपल्या वार्ताहराने विचारायचं होतं.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची 15 जानेवारी 2016 ची अधिसूचना आहे. तिच्या परिशिष्ट 9 मध्ये धरणं, बंधारे, नद्या, कालवे यांतला गाळ देखभालीसाठी आणि आपत्ती निवारणासाठी काढायचा असेल तर पर्यावरण मंजुरीतून सूट दिलेली आहे. (रस्त्यांसाठी माती उपसायची सूट 2020 साली त्याच परिशिष्टात घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये रद्द केली. गाळाची नाही.) खाली गोवळकोटकडे खाडी लागते, तिथे सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीचे निर्बंध, आडवं येतं, हे मान्य. पण आमच्या आळीमागच्या पऱ्याला, म्हणजे डोंगरावरून येणाऱ्या ओढ्याला, कुठली आली आहे भरती-ओहोटी?

या पऱ्यावरची, रस्त्याखालून पाणी जायची मोरी एकदा येऊन बघाच. एका तोंडात कुणाची तरी गादी अडकलेली, तिच्यावर फांद्या, थर्माकोल, आणि वरपर्यंत गाळ. पाणी जायला वीतभर फट. अर्ज केला तर उत्तर ठरलेलं, ‘परवानगीची फाईल वर गेली आहे.’ 22 जुलै 2021 च्या महापुरात माझ्या दुकानातला फ्रीज छताला टेकला होता, त्यामुळे ‘वर जाणं’ म्हणजे काय ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. शेवटी गेल्या मे महिन्यात आळीने वर्गणी काढून जेसीबी आणला. दुपारपर्यंत मोरी अर्धी मोकळी झाली आणि नेमके तेव्हाच साहेबांचे पाय आमच्या आळीला लागले. पंचनामा! गौण खनिजाचं विनापरवाना उत्खनन! रॉयल्टीची पावती दाखवा! त्या ‘खनिजात’ चपला होत्या, प्लास्टिक होतं आणि एक मेलेली घूस होती. तिची रॉयल्टी किती, असं मी विचारलं, ते त्यांना आवडलं नाही. गाळ भरलेला ट्रॅक्टर अडकवून ठेवला, दंड भरल्यावर सोडला. रात्री वाळूचे डंपर याच रस्त्याने जातात, त्यांच्याकडे पावत्या असणारच, आम्ही कशाला शंका घ्यावी!

डिसेंबर 2021 मध्ये लोक गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसले तेव्हा कुठे वाशिष्ठी नदीत आणि शिवनदीत यंत्रं उतरली. त्याबद्दल शासनाचे आभारच. पण डोंगरावरून येणारं पाणी पऱ्यांमधून नदीला मिळतं. पऱ्या तुंबला तर ते नदीपर्यंत पोचतच नाही, आमच्या ओटीवर बसतं. आता पऱ्यासाठीही उपोषणच करायचं का? तसं असेल तर तारीख कळवावी, सुगीच्या आधीची बरी पडेल.

जाता जाता आणखी एक. पूर्वी आपल्या पान दोनवर पावसाळ्यात भरतीच्या वेळा येत. वरून पाऊस आणि खालून भरती एकाच वेळी आली की चिपळूणचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. म्हणून आम्ही ते कात्रण गल्ल्याशी चिकटवून ठेवत असू. हल्ली त्या जागी साप्ताहिक राशिभविष्य येतं. या आठवड्यात माझ्या राशीला ‘जलप्रवासाचा योग’ आहे. भविष्य कुठेही सरकवा, पण जून लागायच्या आत भरतीच्या वेळा पुन्हा सुरू करा.

आपला,
एक दुकानदार, चिपळूण