स्पायन कॉपच्या फाटकावरच्या बाबांना

सावुबोना, बाबा.

तुम्हाला मराठी वाचता येणार नाही, ठाऊक आहे मला. इंग्रजीतलं ‘थँक यू’ तिथेच चार वेळा म्हणून झालं होतं. ते पुरलं नाही, म्हणून हे माझ्या भाषेत.

लेडीस्मिथकडून आलेली पांढरी व्हॅन, तिच्यात अकरा मराठी माणसं, आणि त्यांतले एक पांढरी टोपी घातलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले आजोबा. ते माझे वडील. वय ७८. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं इतिहास शिकवला त्यांनी. दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि डच वंशाचे बोअर यांच्यात झालेल्या बोअर युद्धात गांधीजींनी जखमींची सेवा केली, हे दरवर्षी सांगायचं, आणि दरवर्षी एखादं पोर विचारायचं, “म्हणजे नेमकं काय केलं, सर?” बाबांकडे आकडे होते, गांधीजींनीच लिहून ठेवलेले. पथकात अकराशे माणसं, त्यांतली सुमारे ३०० स्वतंत्र, बाकी सगळे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले हिंदी मजूर. जखमींना डोलीत घालून दिवसाला वीस-पंचवीस मैल चालायचं. पण ती लढाईची टेकडी, स्पायन कॉप, केवढी, उतार कसा, हे काही त्यांना सांगता यायचं नाही. त्या एका उतारासाठी ते सातारा सोडून दक्षिण आफ्रिकेत आले होते. सहलीतल्या बाकीच्यांना सिंह बघायचे होते.

आमच्या सहल कंपनीच्या पत्रकात स्पायन कॉप ठळक अक्षरांत होतं. प्रत्यक्षात मिळाली वीस मिनिटं. गाइड बोलला छान, खोटं कशाला सांगू. २४ जानेवारी १९००ची पहाट, दाट धुकं, इंग्रजांनी अंधारात माथा घेतला, पण खाली खडक लागल्यामुळे खंदक गुडघाभरच खणला गेला. धुकं निवळलं तेव्हा कळलं, आजूबाजूच्या टेकड्यांवर बोअर बसलेत आणि खंदक त्यांच्या नेमाच्या टप्प्यात आहे. दिवसभर ऊन, तहान, तोफा. इंग्रजांची २४३ माणसं मेली. रात्री त्यांचा माथ्यावरचा अधिकारी थॉर्नीक्रॉफ्ट याने माघार घेतली, आणि तिकडे बोअरही बहुतेक निघून गेले होते! ज्या माथ्यासाठी एवढं रक्त सांडलं तो काही वेळ कुणाचाच नव्हता. मग त्या लढाईच्या वेळी तिथे बातमीदार असलेला चर्चिल सांगून झाला, लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानातल्या ‘कॉप’ स्टँडचं नाव या टेकडीवरून पडलं, तेही झालं.

बाबांनी विचारलं, “आणि डोलीवाले? ते कुठून उतरले?”

गाइडने घड्याळ बघितलं. ते आपल्या कार्यक्रमात नाही, म्हणाला. मला बाजूला घेऊन म्हणाला, काकांना गाडीत बसवा, वर वारा फार आहे. आमच्यातलेच एक गृहस्थ म्हणाले, “दगडंच तर आहेत, फोटोत दिसतील.” हे गृहस्थ पुण्याचे. याहून जास्त लिहीत नाही.

बाबा काही बोलले नाहीत. निमूट व्हॅनकडे वळले, टोपी काढून हातात धरली. निवृत्तीच्या दिवशी शाळेतून बाहेर पडताना अशीच धरली होती. मी “बाबा, बाबा” करत मागे धावले, आणि तुम्ही वळून बघितलंत.

तुमच्या झुलूतही वडिलांना बाबाच म्हणतात, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? तुम्ही विचारलंत, “तुमचे बाबा?” मी हो म्हटलं. लगेच तुम्ही त्यांना म्हणालात, “चला बाबा.” गाइडला काय सांगितलंत ते मला कळलं नाही. एवढं खरं, की त्याने पुन्हा घड्याळ बघितलं नाही.

आधी तुम्ही आम्हाला खंदकाशी नेलंत. लढले त्यातच पुरले. वर पांढऱ्या दगडांची लांब रांग. लँकेशायरच्या पलटणींची नावं बाबांनी एकेक करून वाचली. मग विचारलं, उतार? तुम्ही कडेशी घेऊन गेलात. खाली धरणाचं पाणी चमकत होतं, पलीकडे थुकेला नदीचं खोरं. बाबा म्हणाले, थोडं खाली जायचंय. मला धडकीच भरली. सुटे दगड, गवत, वारा.

तुम्ही त्यांचा हात धरला नाहीत. धरला असता तर त्यांनी सोडवून घेतला असता. त्यांचा स्वभाव तुम्हाला कसा कळला, देव जाणे. तुम्ही त्यांच्या पुढे झालात, तोंड त्यांच्याकडे केलंत, आणि उलटे चालत उतरू लागलात. दोन्ही हात पसरलेले, पण अंगाला न लागणारे. म्हातारा घसरलाच तर तुमच्या छातीवर पडेल, असे. पन्नासेक पावलं असतील. एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत. तुमच्या पायांना तो उतार पाठ होता.

बाबा थांबले, खाली बघितलं. “हा उतार,” म्हणाले. “माणूस खांद्यावर घेऊन.” पदकं मिळाली ती पथकाच्या प्रमुखांना, उसाच्या मळ्यांतून, कोळशाच्या खाणींतून आलेल्या गिरमिटियांच्या खांद्यांचं कुणी काय केलं, असं काहीतरी पुटपुटले. तुम्हाला मराठीतला शब्द कळला नसणार. तरी तुम्ही मान हलवलीत.

चांगुलपणाला पगार लागत नाही की पत्रकात ठळक अक्षरं लागत नाहीत. तुमचं काम फाटक उघडायचं, बंद करायचं. पैसे घेतले होते ते दुसऱ्यांनी.

निघताना बाबांनी पिशवीतून संक्रांतीची तिळाची वडी काढून तुमच्या हातावर ठेवली. तुम्ही दोन्ही हातांनी घेतलीत आणि म्हणालात, “हांबा काहले, बाबा.” नीट जा.

नीट आलो आम्ही. एकच तक्रार आहे. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. आई देवळात निघाली की हल्ली बाबा तिच्या पुढे होतात, तिच्याकडे तोंड करतात आणि हात पसरून उलटे उतरतात. ती रोज ओरडते, “अहो, पडाल ना!”