आई-बाबा, मागच्या दाराबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर परत मांजर आणायचा विषय काढला की बाबा तुम्ही "आईशी बोल" म्हणून फोन तिच्याकडं देता आणि आई म्हणते "नगं बाई आता, परत जीव लावायचा न परत रडायचं", म्हणून शेवटी लिहायलाच बसले. अक्षर मोठं ठेवलंय आणि प्रिंट काढून कुरिअरनं पाठवतेय, मोबाईलवर डोळे बारीक करून वाचायला नको. दोघांनी एकत्र बसून वाचा, आणि मधेच बाजूला ठेवू नका.

गौरी-गणपतीला कोल्हापूरला आले होते तेव्हा एक गोष्ट बघितली, तेव्हा बोलले नाही. रात्री साडेदहाला बाबा परड्याचं दार लावायला गेले, कडी लावलीच नाही, दाराशी तो जुना वरवंटा आडवा ठेवला आणि चार बोटांची फट ठेवून आत आले. मी विचारलं तर म्हणाले हवा येत्या. बाहेर धो धो पाऊस, सकाळी बघते तर त्या फटीतनं आत आलेलं पाणी आई फडक्यानं टिपत होती आणि तीसुद्धा एका शब्दानं काही बोलली नाही. आपली मांजर चिवडी जाऊन तेव्हा सहा महिने होत आले होते. मी चहाचा कप घेऊन तिथंच उभी राहिले आणि मला काय बोलावं ते सुचलं नाही, पुण्याला येईपर्यंत डोक्यात तेच.

मला ती आली तो दिवस अजून तस्साच आठवतो. २००९ ची दिवाळी तोंडावर आली होती, मी बारावीला, आई आणि मी कपिलतीर्थ मंडईत गेलेलो आणि मेथीच्या पेंड्यांमागं ती बसलेली, मुठीएवढी, पांढऱ्यावर काळे आणि पिवळट तांबडे ठिपके. आई म्हणाली चिवडा सांडल्यागत दिसतंय. बाबांनी पंधरा दिवस तिला बोका समजून चिवडा-चिवडा केलं, मग डॉक्टरांनी सांगितलं की तीन रंगाचं मांजर जवळपास नेहमी मादीच असतं, मग चिवडाची चिवडी झाली. आणि बाबा तुम्ही! घरात मांजर नको, केस उडतात, म्हणणारे तुम्हीच रोज संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावरनं म्हशीचं दूध आणायचा आणि पातेल्यात ओतायच्या आधी तिची वाटी भरायचा. मोठ्या मांजराला दूध पचत नाही, पोट बिघडतं, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर तुमचं तोंड एवढंसं झालेलं. मग कोंबडीची कलेजी सुरू झाली, ती पण उकडून, गार करून, कात्रीनं कापून. उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस कलेजीचे तुकडे मापात कापतो हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मी २०१३ ला पुण्याला आले, दादा त्याच्या आधीच बेंगलोरला, घरात तुम्ही दोघं आणि ती. खरं सांगायचं तर त्यावेळी तिचा आधार तुमच्यापेक्षा मलाच जास्त वाटायचा. आईचा फोन आला की आधी चिवडीनं काय केलं ते, मग बाबांचं बीपी, मग बाकीचं. तिच्यामुळं तुम्ही दोघं दिवसभर एकमेकांशी बोलत होता. आता फोन करते तर मागं नुसता टीव्हीचा आवाज असतो.

आणि २०१९ चा पूर. जामदार क्लबला पंचगंगेचं पाणी आलं की आपल्या गल्लीत किती तासांनी येतं हे बाबांचं पाठ असलेलं गणित, पण त्या ऑगस्टात ते चुकलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका, आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. मी इकडं पुण्यात, हायवे शिरोलीजवळ बंद, फोन लागेना, मी रात्रभर बातम्या लावून बसलेले. बोट दाराशी आली तेव्हा बोटवाली पोरं म्हणाली सामान घेऊ नका, लवकर चला, तेव्हा बाबांनी माळ्यावरनं चिवडीला खाली काढलं, उशीच्या अभ्र्यात घातलं आणि तोंड हातानं गच्च धरून बसले. ती आत ओरडत होती, तिनं आतच सगळं केलं, बाबांचा शर्ट भिजला, पण राजारामपुरीत मामाच्या घरी जाऊन दार आतनं लावेपर्यंत बाबांनी मूठ सैल केली नाही. हे सगळं आईनं मला नंतर सांगितलं, बाबा तुम्ही एवढंच म्हणालात की सगळे ठीक आहोत, तिघंही. ते "तिघंही" माझ्या अजून कानात आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात ती बादलीवर चढून पाणी प्यायला लागली, तुळशीच्या कुंडीतलं पण प्यायची, आणि पाठ हातात धरली तर मणके लागायचे. पहिल्या डॉक्टरांनी म्हातारं मांजर आहे, कशाला खर्च करताय असं म्हणून परत पाठवलं, तो राग माझा अजून गेलेला नाही. दुसऱ्यांनी रक्त तपासलं, किडनी. त्यांनी समजावलं की मांजरात लक्षणं दिसायला लागेपर्यंत किडनीचं निम्म्याहून जास्त काम गेलेलं असतं, बरं होणार नाही पण नीट सांभाळली तर दिवस चांगले जातील, आणि कातडीखाली सलाईन घरी कसं द्यायचं ते आईला शिकवलं. माझ्या आईला, जिला स्वतःला इंजेक्शन म्हटलं की चक्कर यायची!

मी सुट्टीला आले की ते बघायचे. कॅलेंडर काढून त्या खिळ्याला बाटली टांगायची, आधी कोमट पाण्याच्या तांब्यात धरून गार काढायची, चिवडी बाबांच्या मांडीवर टॉवेलवर. बाबा खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून धरायचे, तुमचा हात एरवी चहाचा कप धरताना थरथरतो बाबा पण त्या चिमटीत कधी थरथरलेला मी बघितला नाही, आणि आई सुई आत सरकवायची. शंभर मिली संपेपर्यंत खांद्यावर उंटासारखी मदार यायची आणि थोड्या वेळानं ते पाणी पुढच्या पायाकडं उतरायचं, मग ती एक पाय जड झाल्यासारखी डुलत डुलत परड्यात जायची. बाटलीवर पेनानं तारीख आणि खूण. दोन दिवसाआड, जवळजवळ पावणेदोन वर्षं. एकदाही चुकलं नाही, आईचा गुडघा सुजला होता तेव्हासुद्धा नाही. मला अभिमान वाटतो तुमचा, हे मी कधी तोंडानं बोलले नाही म्हणून इथं लिहितेय.

ती गेली ते तुम्ही मला दुसऱ्या दिवशी सांगितलंत, परड्यात कढीपत्त्याच्या खाली ठेवून आल्यावर. माझी मीटिंग होती म्हणून. असं परत करू नका, कुठल्याच बाबतीत, माझी मीटिंग गेली खड्ड्यात. साडेपंधरा वर्षांची होती ती, माणसाच्या हिशोबात पंच्याहत्तरीच्या पुढं, म्हणजे बाबांच्याच बरोबरीची.

आता मुद्द्यावर येते. बाबांचं म्हणणं आईनं मला सांगितलंय. आत्ता पिल्लू आणलं तर ते पंधरा वर्षं जगणार, तोवर मी नव्वदीला, आमच्या माघारी त्याचं कोण करणार, रस्त्यावर येईल बिचारं. आणि आईनं अजून एक सांगितलं जे तुम्ही मला कधीच बोलला नाहीत, की अँजिओप्लास्टीच्या आधी तुम्ही वकिलांना विचारून आलात, चिवडीच्या नावानं काही ठेवता येतं का म्हणून. वकील म्हणाले कायद्यानं मांजर ही मालकीची वस्तू, तिच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत, कुणातरी माणसाच्या नावावर ठेवायचे आणि त्याच्यावर भरवसा ठेवायचा. बाबा तो माणूस तुमच्या घरातच होता ना हो. मला का नाही विचारलं? मी नाही म्हणाले असते असं वाटलं का तुम्हाला? मी बस पकडून आले असते तिला न्यायला.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण मी ते इथं डोळ्यांनी बघितलंय. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या, जुलैत गेल्या. मुलगा परदेशातनं आला, पंधरा दिवसात सगळं आवरून त्याला परत जायचं होतं, त्यानं बोक्यासाठी सगळ्यांना विचारलं, दोन संस्थांना फोन केले, दोन्हीकडं जागा नव्हती. पिल्लं सगळ्यांना पाहिजे असतात, आठ वर्षांचा बोका कुणाला नको असतो. कुलूप लागलं आणि तो तीन रात्री त्या बंद दाराच्या पायपुसण्यावर बसून होता. लोकांनी बिस्किटं ठेवली, तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी आम्ही दोघांनी त्याला पायपुसण्यासकट उचलून घरी आणलं. नऊ दिवस पलंगाखाली होता, फक्त रात्री खायला बाहेर. दहाव्या रात्री मी खाली फरशीवर आडवी पडले होते, तो आला आणि माझ्या पायाला पाठ टेकवून बसला, तोंड दाराकडं करून. मी रडले तेव्हा, आजींसाठी का चिवडीसाठी ते मलाच कळलं नाही.

बंडू नाव आहे त्याचं, आजींनीच ठेवलेलं. काळा, छातीवर पांढरा डाग. ऑपरेशन झालेलं आहे, लसी झाल्यात, रक्त पण तपासून घेतलं, किडनी उत्तम आहे. पण आम्ही दोघं सकाळी नऊला निघतो ते रात्री आठ, आणि त्याला सवय दिवसभर घरात माणूस असायची. दुपारभर तो दाराशी बसून असतो हे मला मोबाईलच्या कॅमेऱ्यात दिसतं आणि ऑफिसात माझं कशात लक्ष लागत नाही. तिकडं तुमचं मागचं दार उघडं आणि इकडं हा बंद दाराकडं बघत बसलेला, मग मला जे वाटलं ते मी लिहितेय.

त्याला तुमच्याकडं आणते. पिल्लू नाही, म्हणजे बाबांचा नव्वदीचा हिशोब लागत नाही, घरातलं मांजर साधारण चौदा-पंधरा वर्षं जगतं, याची निम्मी झालीत. आणि तुमच्या माघारी किंवा तुम्हाला होईनासं झालं, कुणी दवाखान्यात आहे, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, काहीही, तर तो परत माझ्याकडं येईल. त्याला हे घर माहिती आहे. मागच्या रविवारी गॅलरीला पूर्ण जाळी बसवून घेतली, ती तो असेल-नसेल तरी राहणार. तुमच्या जावयांशी बोलूनच लिहितेय, त्यांचं पण हेच मत आहे, खाली त्यांची पण सही घेतलीय, हा कागद फाईलला लावून ठेवा. "आमच्या माघारी" हा शब्द तुम्ही बोललात की मी विषय बदलते, आई चिडते माझ्यावर त्यावरनं. यावेळी बदलत नाही. तुमच्या माघारी त्याचं सगळं मी करणार.

फटाके संपेपर्यंत आणत नाही, घाबरतो तो. तुळशीचं लगीन झालं की त्या शनिवारी गाडीनं येतो. पहिला आठवडा त्याला माजघराच्या खोलीतच ठेवायचं, त्याची माती, वाटी आणि आजींचं ते पायपुसणं सगळं बरोबर आणते, वास ओळखीचा लागतो त्यांना. कपाटाखाली बसला तर बसू दे, आई तू हात घालून ओढायचं नाही, नुसतं जवळ बसून भाजी निवडत बस, येईल आपणहून. आणि दूध नाही, बाबा, थेंबभर पण नाही. कलेजी आठवड्यातनं एकदाच, बाकी त्याचं खाणं मी पाठवत जाईन.

आईला सांगायचं तर, तू म्हणतेस परत रडायचं. हो, रडायला लागेल, त्यावर माझ्याकडं काही उत्तर नाही. पण तू त्याला बघितलंस की नाही म्हणणार नाहीस हे मला माहिती आहे, म्हणून फोटो मुद्दाम पाठवत नाही, आधी मनानं हो म्हण.

राहिलं ते दार. त्याला एकदम मोकळं सोडता येणार नाही, निदान महिना-दीड महिना, जागा नवीन असेपर्यंत मांजर बाहेर पडलं तर जुन्या घराच्या शोधात निघतं. म्हणून परड्याच्या दाराला आतनं जाळीचं दार लागेल, हवा पण येईल आणि पाऊस पण अडेल. ते विकत नको, बाबांनीच करायचं, उद्यमनगरात तुमची सगळी माणसं अजून आहेतच. चौकटीची मापं घेऊन मला कळवा, उंची, रुंदी आणि उंबऱ्यापासनं खालची फट किती ते. वरवंटा धुऊन आत ठेवा.

तुमची,
बारकी