करार अकरा महिन्यांचा, कुत्रा पाचव्या महिन्यात

महोदय,

जळगावात आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने अकरा महिन्यांच्या करारातल्या पाचव्या महिन्यात विचारलं, ‘काका, कुत्रा पाळू का?’ करारात कुत्र्याचा उल्लेखच नव्हता. मी नाहीच म्हणणार होतो. पण निदान विचारलं तरी! काहीजण पिल्लू पिशवीत घालून थेट घरातच आणतात.

तोंडी ‘हो’ म्हणणं नंतर अंगाशी येतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार मूळ करारच लेखी आणि नोंदणीकृत लागतो. म्हणून आम्ही पुरवणी करारही लेखीच केला: दरवर्षी रेबीजची लस, नासधुशीचा खर्च अनामत रकमेतून, जिन्यातली घाण त्यांनीच काढायची. एक अट मात्र मी हट्टाने घातली. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा कुत्र्याला गच्चीवर पत्र्याखाली बांधायचं नाही. भाडेकरू हसला, पण सही केली.

एजंटांच्या छापील मसुद्यात पाळीव प्राण्यांचं कलम का नसतं? ‘मांसाहार चालणार नाही’ हे मात्र न सांगता छापलेलं असतं.

– एक घरमालक, जळगाव