‘औषध सुरू केलंय ना?’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाळणाघरातल्या मुलांच्या नाकात अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू सापडल्याची परवाची बातमी वाचली, काल दिवसभर डोक्यातून जाईना म्हणून आज लिहितेय. बातमी महत्त्वाची आहे, त्याबद्दल आभार. पण हेडिंगमध्ये ‘घातक विषाणू’? अहो, आत सगळी बातमी जिवाणूंची आहे! विषाणू म्हणजे व्हायरस, त्याच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, मुळात सगळा घोळ तिथेच तर आहे. पेपरवाल्यांनाच फरक कळत नसेल तर साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागणाऱ्या आयांना कशाला बोलायचं? त्यातली एक मीच.

माझा मुलगा अडीच वर्षांचा. गेल्या वर्षी त्याचं नाक सारखं वाहायचं आणि पाळणाघराच्या दारात ताई रोज एकच विचारायच्या, “औषध सुरू केलंय ना?” औषध म्हणजे नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब नव्हेत, अँटिबायोटिक. असेल तर आत, नसेल तर परत घरी. दोन दिवस रजा टाकली, तिसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आल्यावर मुलाला उचललं आणि डॉक्टर गाठले. ते बिचारे म्हणाले, व्हायरल आहे, आठ-दहा दिवसांत जाईल, काही गरज नाही. मी म्हटलं, डॉक्टर, लिहून द्या हो, नाहीतर ते घेत नाहीत त्याला. दिलं त्यांनी. दारात बाटली दाखवली, मुलगा आत! म्हणजे ते औषध नव्हतंच, गेटपास होता. दोन दिवसांनी नाक थांबलं तशी बाटली फ्रिजमध्ये मागे सरकवली, आणि पुढच्या सर्दीला तीच काढत होते तर सासूबाईंनी हातातून हिसकावून घेतली (त्यावरून झालेलं भांडण इथे लिहीत नाही).

आता कळतंय की न्यूमोकॉकससारखे (हा न्यूमोनिया करू शकणारा जिवाणू) जंतू धडधाकट मुलांच्याही नाकात-घशात काही त्रास न देता मुक्काम ठोकून असतात, उगाच अँटिबायोटिक दिलं की त्यातले साधे मरतात आणि चिवट तेवढे उरतात, मग शिंकेतून, चोखलेल्या खेळण्यातून ते शेजारच्या पोराकडे. म्हणजे माझ्या बाटलीचा प्रसाद दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला मिळाला असणार. आणि ताईंचा नियम नेमका हेच वाढवणारा! त्यापेक्षा डायपर बदलल्यावर साबणाने हात धुतले का ते कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं, पोटातले जंतू तर तिथूनच फिरतात.

आइसलँडमध्ये १९९० च्या दशकात असाच चिवट न्यूमोकॉकस पाळणाघरांतून पसरला होता, तिथे मुलांना अँटिबायोटिक देणं कमी केलं आणि त्याचं प्रमाण खाली आलं. असलं काहीतरी छापा ना. तुम्ही काय छापलंत, तर ‘पालकांनी आजारी मुलांना घरी ठेवावे’. वा! ठेवतो की. पण मुलाबरोबर घरी बसणार कोण, रजा देणार कोण, त्याबद्दल एक ओळ नाही. का असेल ती? बातमीखाली ‘उर्वरित पान ७ वर’ असं होतं आणि पान ७ वर पानभर जाहिरात. कदाचित तिच्याखाली असेल.

आपली,
एक वाचक (आणि सध्या परत रजेवर)