दुकानाच्या वहीतले पासवर्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नातीचा अकरावी प्रवेशाचा अर्ज भरायला आम्ही नौपाड्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. घरी कॉम्प्युटर आहे, पण फोटो आणि सही सांगितलेल्या केबीत काही बसेना. दुकानातल्या मुलाचे हात भराभर चालत होते. ई-मेल नाही म्हटल्यावर त्याने तो दोन मिनिटांत उघडून दिला, पासवर्ड टाकला आणि समोरच्या फुलस्केप वहीत लिहूनही ठेवला. वही माझ्यासमोर उघडीच होती. नाव, जन्मतारीख, मोबाइल, लॉगिन, पासवर्ड असे रकाने. पासवर्डच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच तऱ्हा: ज्याचं त्याचं नाव, पहिलं अक्षर मोठं, पुढे ॲट आणि एक-दोन-तीन.

"अरे, सगळ्यांना एकच?" मी विचारलं.

"आजी, एक कॅपिटल लागतं, एक आकडा, एक चिन्ह. यात सगळं बसतं. आणि पोरं महिन्याभरात परत येतात, विसरलो म्हणून. तेव्हा वहीच कामाला येते."

मागे पंधरा जण उभे. त्याला तरी काय बोलणार? मी स्वतः बँकेत नोकरी केली. तिथे ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती होती. मी नवऱ्याचं नाव कायम ठेवून शेवटचा आकडा एकाने वाढवायचे. निवृत्त झाले तेव्हा सतरावर होते.

मोठं अक्षर, आकडा, चिन्ह आणि वरचेवर बदल हा शिरस्ता ज्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेमुळे रुळला, ती २००३ सालची. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की आपण दिलेल्या बऱ्याचशा सल्ल्याचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी तिथल्या मानक संस्थेने ही सक्ती नको, लांबीकडे बघा, असं नव्या मार्गदर्शिकेत म्हटलं. कारण सक्ती केली की माणूस पळवाट काढतो, आणि सगळ्यांची पळवाट एकच असते. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून तीन कोटींहून जास्त पासवर्ड फुटले, त्यात सर्वांत लाडका होता एक ते सहा आकडे ओळीने. अशा फुटलेल्या याद्या चोरांकडे असतात. ते एकेक पासवर्ड बसून टाइप करत नाहीत, यादी प्रोग्रॅमला देतात. नावापुढे एक-दोन-तीन हे तर तो पहिल्या झटक्यात करून बघणार. आणि एका ठिकाणी चाललेला पासवर्ड तो दहा ठिकाणी लावून पाहतो.

उलट, लांबीचा हिशेब बघा. इंग्रजी छोटी अक्षरं चिठ्ठ्या टाकून निवडलीत, तर आठाच्या जागी बारा घेतल्याने शक्यता ४ लाख ५६ हजार ९७६ पटींनी वाढतात. अशी अक्षरं लक्षात राहत नाहीत हे खरं. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्यावेत, आपल्या मराठीतले, रोमन लिपीत. फक्त घरच्यांची नावं, गावाचं नाव आणि गाण्याची ओळ नको.

पण मला जास्त खटकलं ते पुढचं. घरी येऊन बघितलं तर 'पासवर्ड विसरलात?' साठी मोबाइल नंबर दुकानाचा दिलेला. म्हणजे आम्ही पासवर्ड कितीही बदलला तरी किल्ली त्यांच्याकडेच. शिवाय दुकानाच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफची रांग लागलेली मी पाहिली होती. त्या फाइलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. दोन्ही वहीत आहेत. तो मुलगा प्रामाणिक आहे, यात मला शंका नाही. पण ती वही गल्ल्याशेजारी दिवसभर उघडी असते.

पासवर्ड कुठेही लिहू नये असं म्हणतात, ते मला पटत नाही. माझे सगळे एका डायरीत आहेत आणि डायरी कपाटात, विम्याच्या कागदांखाली. हॅकर काही नौपाड्यात येऊन माझं कपाट उघडणार नाही. ज्यांना जमतं त्यांनी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात जपून ठेवणारं ॲप, वापरावा. आधी ई-मेल मात्र सांभाळावा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचा नवा पासवर्ड तिथेच येतो. त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी, म्हणजे पासवर्डनंतर आपल्या मोबाइलवरचा कोडही मागितला जातो. आम्ही त्याच संध्याकाळी लावली, नंबरही बदलला. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करावा, उद्या बघू म्हणू नये.

दुकानदारांना एवढंच सांगणं: पासवर्डच्या रकान्यापाशी आलात की कीबोर्ड गिऱ्हाइकाकडे सरकवा, रिकव्हरीला त्याचाच नंबर घाला, आणि काम झालं की त्याच्यासमोर फाइल डिलीट करून रिसायकल बिनही रिकामा करा. शाळांनी दहावीच्या निकालाबरोबर हे मुलांना सांगितलं तर बरं. मी त्या मुलाकडे वहीतली आमची ओळ खोडायला सांगितली. त्याने पेनाने एक रेघ मारली. खालचं सगळं वाचता येत होतं.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
नौपाडा, ठाणे (प.)